एंजिनाचे धाव-घनफळ वाढविणे

एकाच कुलातील दोन किंवा अधिक अंतर्ज्वलन एंजिनांचे अंतर्गत भाग एकमेकांत मिसळून मूळ एंजिनापेक्षा अधिक धाव-घनफळाचे एंजिन तयार करण्याची क्रिया. सिलिंडरातील दट्ट्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सरकताना जी जागा व्यापतो तिचे घनफळ सर्व सिलिंडरांसाठी एकत्र घेतले म्हणजे एंजिनाचे धाव-घनफळ मिळते. यालाच विस्थापन असेही म्हणतात व ते घन सेंटिमीटरांत (घ. सेंमी.) किंवा लिटरांत सांगतात. व्यवहारात ‘सीसी’ म्हणून जो आकडा वाहनाच्या किंमतीबरोबर उच्चारला जातो तो हाच होय. या नोंदीत दट्ट्या म्हणजे कारखान्याच्या बोलीतील पिस्टन, संयोगदांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड, भुजादंड म्हणजे क्रँक, धारवा म्हणजे बेअरिंग, तर ठोकळा व शीर्ष म्हणजे अनुक्रमे ब्लॉक व हेड समजावे.

धाव-घनफळ काढण्याचे गणित सोपे आहे. सिलिंडराच्या व्यासाचा वर्ग, दट्ट्याची धाव, सिलिंडरांची संख्या व ०.७८५४ हा स्थिरांक यांचा गुणाकार म्हणजे धाव-घनफळ. व्यास व धाव सेंटिमीटरांत घेतल्यास उत्तर घ. सेंमी. मध्ये येते. सिलिंडरांची संख्या बदलता येत नाही, म्हणून घनफळ वाढविण्याचे दोनच मार्ग उरतात : व्यास वाढविणे किंवा धाव वाढविणे. व्यास वर्गाने मोजला जात असल्याने त्यातील लहानशी वाढही मोठा परिणाम करते, तर धावेतील वाढीचा परिणाम तिच्या प्रमाणातच होतो. व्यासासाठी ठोकळा अधिक व्यासाचा करून मोठे दट्ट्ये बसवावे लागतात. धावेसाठी भुजादंडच बदलावा लागतो, कारण धाव ही भुजादंडाच्या भुजेच्या दुप्पट असते.

झिजलेले सिलिंडर दुरुस्त करताना जे बोरिंग करतात ते या क्रियेत मोडत नाही. तेथे व्यास पाव, अर्धा किंवा फार तर एक मिमी. वाढतो आणि दट्ट्ये त्याच एंजिनाचे, परंतु वाढीव मापाचे असतात. ६८ मिमी. व्यासाचे सिलिंडर ६९ मिमी. केल्याने घनफळ सु. ३ टक्केच वाढते. यामागील हेतू झीज काढून टाकण्याचा असतो. वाढ हा त्याचा आनुषंगिक परिणाम होय.

एंजिनांचे कुल : कारखानदार प्रत्येक नव्या प्रतिरूपासाठी एंजिन मुळापासून आखत नाहीत. ठोकळा ओतण्याचे साचे व त्याला भोके पाडणारी यंत्रमालिका यांवर मोठा भांडवली खर्च होतो. एकदा दोन सिलिंडरांच्या अक्षांमधील अंतर ठरले व यंत्रमालिका त्याप्रमाणे बसली की, ते अंतर अनेक वर्षे, कधीकधी अनेक दशके तसेच राहते. त्या मर्यादेत व्यास व धाव बदलून लहानमोठी एंजिने काढली जातात. अशा एंजिनांचा समूह म्हणजे एंजिन-कुल. कुलातील व्यक्तींमध्ये अक्षांतर, शीर्षाच्या बोल्टांची रचना, मुख्य धारव्यांची जागा, तेलाच्या वाहिन्यांचे मार्ग व बहुधा कॅमदंडाची जागा समान असते. भाग एकमेकांत बसण्याची शक्यता या समानतेतून निर्माण होते. घनफळाचा आकडा जवळ असणे म्हणजे कूळ एक असणे नव्हे. हा भेद पुढे स्पष्ट होईल.

अशा कुलाचे भारतीयांना सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची ‘बी’ मालिका. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडर मोटारीत या मालिकेतील १,४८९ घ. सेंमी.चे एंजिन दीर्घकाळ वापरात होते. त्याचा व्यास ७३.०२५ मिमी. व धाव ८८.९ मिमी. (साडेतीन इंच) होती. याच मालिकेत १,१९७, १,६२२ व १,७९८ घ. सेंमी.ची एंजिनेही निघाली. त्यांचे व्यास अनुक्रमे सु. ६५.५, ७६.२ व ८०.२६ मिमी. होते, पण धाव सर्वत्र ८८.९ मिमी. हीच होती. मालिकेच्या शिल्पकारांनी भुजादंडाच्या भुजेला हात न लावता केवळ सिलिंडर रुंद करीत जाऊन दीडपट घनफळ मिळविले, असे म्हणता येईल. १,४८९ घ. सेंमी.च्या मापांत याच मालिकेचे डीझेल एंजिनही होते.

मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने (स्थापना १९४४) फियाटच्या परवान्याने बांधलेल्या ११०० मोटारीचे एंजिन ६८ मिमी. व्यासाचे व ७५ मिमी. धावेचे, म्हणजे १,०८९ घ. सेंमी.चे होते. पुढे पद्मिनी या नावाने प्रसिद्ध झालेल्या मोटारीतही तेच राहिले. इटलीत मात्र याच एंजिनाचा व्यास ७२ मिमी. करून १,२२१ घ. सेंमी.चे एंजिन १९५७ मध्ये १२०० या मोटारीत व १९६२ मध्ये ११०० डी या मोटारीत बसविण्यात आले. धाव ७५ मिमी.च राहिली. चार मिमी. व्यासवाढीने सु. १२ टक्के घनफळ वाढते, हे या जोडीवरून चांगले दिसते. याच कंपनीने १९८५ पासून बांधलेल्या ११८ एनई मोटारीत निस्सानच्या ‘ए’ मालिकेतील ए-१२ (व्यास ७३, धाव ७० मिमी.; १,१७१ घ. सेंमी.) हे एंजिन होते. त्या मालिकेत ७३ × ७७, ७६ × ७७ व ७६ × ८२ मिमी. अशा मापांची १,२८८, १,३९७ व १,४८८ घ. सेंमी.ची भावंडे होती. येथे व्यास व धाव दोन्ही पायऱ्यापायऱ्यांनी वाढत गेले आहेत.

दोन्ही मार्गांची तुलना करण्यास प्यूजोची एक्सडी डीझेल मालिका विशेष सोयीची आहे. महिंद्र अँड महिंद्रच्या जीपवर्गीय वाहनांत तिच्यातील एक्सडीपी ४.९० हे एंजिन बराच काळ बसविले जात असे. त्याचा व्यास ९० मिमी. व धाव ८३ मिमी., म्हणजे घनफळ २,११२ घ. सेंमी. होते. पुढील एंजिनात व्यास ९४ मिमी. केला, धाव तशीच ठेवली आणि २,३०४ घ. सेंमी. मिळाले. त्यानंतर व्यास ९४ मिमी. ठेवून धाव ९० मिमी. केली, तेव्हा २,४९८ घ. सेंमी. झाले. पहिल्या पायरीत १९२ व दुसरीत १९४ घ. सेंमी.ची भर पडली. जवळजवळ तेवढ्याच वाढीसाठी व्यासात चार मिमी. पुरले, तर धावेत सात मिमी. लागले.

दुचाकींमध्ये हेच गणित एका सिलिंडरापुरते असल्यामुळे अधिक सुटसुटीत दिसते. बजाज ऑटोच्या पल्सर मोटारसायकलींपैकी २००१ सालच्या १५० प्रतिरूपात व्यास ५७ व धाव ५६.४ मिमी. असून घनफळ प्रत्यक्षात १४३.९ घ. सेंमी. होते. तीच धाव ठेवून व्यास ५८, ६३.५ व ६७ मिमी. केल्यावर अनुक्रमे सु. १४९, १७८.६ व १९८.८ घ. सेंमी. मिळाले. ६७ मिमी. व्यासावरच धाव ६२.४ मिमी. नेल्यावर २२० घ. सेंमी.चे एंजिन झाले. ज्यांच्या नावाशी हा उद्योगसमूह जोडला गेला आहे त्या जमनालाल बजाज यांची कर्मभूमी वर्धा होती. वाहनांचे उत्पादन मात्र पुण्याजवळील आकुर्डी येथे सुरू झाले.

उगम : कारखान्यांनी कुल तयार केले, तर त्यातील भागांची अदलाबदल करण्याची कला प्रामुख्याने अमेरिकेतील हौशी मोटारकारांनी वाढविली. फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये स्वस्त व्ही-८ एंजिन बाजारात आणले. त्याच कुलातील मर्क्युरी मोटारीच्या एंजिनास १९४९ मध्ये चार इंच (१०१.६ मिमी.) धावेचा भुजादंड मिळाला. फोर्डची धाव पावणेचार इंच (९५.२५ मिमी.) होती. मर्क्युरीचा भुजादंड फोर्डच्या ठोकळ्यात बसत असल्यामुळे तो काढून घेऊन फोर्डमध्ये बसविण्याचा प्रघात पडला. पुढे शेव्हरोलेच्या लहान व्ही-८ कुलातील ३५० घन इंची ठोकळा व ४०० घन इंची एंजिनाचा भुजादंड यांच्या संयोगातून ३८३ घन इंची (सु. ६,२७० घ. सेंमी.) एंजिन प्रसिद्धीस आले. यात एक अडचण होती. ४०० च्या भुजादंडाची मुख्य आसनपृष्ठे ६७.३ मिमी. व्यासाची, तर ३५० च्या ठोकळ्यातील धारवे ६२.२ मिमी.चे होते. म्हणून भुजादंड चरकावर लावून आसनपृष्ठे पाच मिमी.हून अधिक कमी करावी लागत. कुल एक असले तरी भाग कसेही बसतात असे नव्हे, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येते. उलट दिशेचा प्रयोगही झाला. शेव्हरोलेने १९६७ मध्ये ३२७ घन इंची एंजिनाचा व्यास व २८३ घन इंची एंजिनाची तीन इंची धाव एकत्र करून ३०२ घन इंची एंजिन बनविले. हेतू शर्यतीतील ३०५ घन इंचांच्या मर्यादेत राहण्याचा होता.

उंचीची साखळी : धाव वाढविताना सर्वांत प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे ठोकळ्याची उंची. भुजादंडाच्या अक्षापासून ठोकळ्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर हे चार अंतरांच्या बेरजेइतके असते : धावेचा अर्धा भाग, संयोगदांड्याच्या दोन्ही छिद्रांमधील अंतर, दट्ट्याच्या खिळीपासून (गजन पिनपासून) त्याच्या माथ्यापर्यंतची उंची आणि दट्ट्या वर पोहोचल्यावर उरणारे अल्प अंतर. पहिला दुवा वाढला तर उरलेल्यांपैकी एखादा तितकाच कमी झाला पाहिजे. उदा., ७० मिमी. धावेच्या एंजिनात ७७ मिमी. धावेचा भुजादंड बसविल्यास दट्ट्या वरच्या टोकाला साडेतीन मिमी. अधिक वर येतो. संयोगदांडा व दट्ट्या जुनेच ठेवले तर तो शीर्षावर आदळेल. डीझेल एंजिनात हे अंतर मुळातच एक मिमी.च्या आसपास असल्यामुळे आदळण्यासाठी साडेतीन मिमी.चीही गरज नसते.

उपाय तीन आहेत : खिळीचे छिद्र वर असलेला दट्ट्या, आखूड संयोगदांडा किंवा मुळातच उंच ठोकळा. पहिला उपाय बरा, पण दट्ट्याच्या कड्यांना (रिंगांना) जागा उरेल तेवढाच तो करता येतो. दुसऱ्यात संयोगदांडा सिलिंडराच्या अक्षाशी अधिक कोनात कलतो व दट्ट्या सिलिंडराच्या भिंतीवर अधिक जोराने रेलतो. परिणामी दट्ट्याचा घेर व भिंत लवकर झिजतात. तिसरा उपाय कारखान्याचा असतो. सुझुकीच्या ‘जी’ मालिकेत ७४ × ७५.५ मिमी.चे १,२९८ घ. सेंमी.चे एंजिन व ७५ × ९० मिमी.चे १,५९० घ. सेंमी.चे एंजिन यांचे कुल एकच आहे, पण साडेचौदा मिमी. अधिक धाव सामावण्यासाठी दुसऱ्याचा ठोकळा उंच केलेला आहे. म्हणून येथे भुजादंड उचलून लहान ठोकळ्यात घालण्याचा विचार व्यर्थ ठरतो. संपूर्ण एंजिनच बदलणे किंवा उंच ठोकळ्यावर लहान एंजिनाचे शीर्ष बसविणे हाच मार्ग राहतो.

दट्ट्या खालच्या टोकाला असतानाही धोका टळत नाही. मोठ्या भुजेचे प्रतिभार दट्ट्याच्या खालच्या कडेला घासू शकतात. संयोगदांड्याचे मोठे टोक ठोकळ्याच्या आतील बाजूला किंवा, कॅमदंड ठोकळ्यात असल्यास, कॅमला लागू शकते. म्हणून भाग घट्ट करण्यापूर्वी भुजादंड हाताने सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवून प्रत्येक सिलिंडराकडे पाहणे ही पहिली कसोटी होय. दोन फेरे अशासाठी की, चार धावांच्या एंजिनात कॅमदंडाचा एक फेरा तेव्हाच पुरा होतो. शीर्ष व दट्ट्या यांमधील अंतर मोजण्यासाठी पेट्रोल एंजिनात दट्ट्याच्या माथ्यावर मऊ मातीचा गोळा व डीझेल एंजिनात शिशाची तार ठेवतात. शीर्ष आवळून एंजिन फिरविल्यावर दबलेल्या मातीची वा तारेची जाडी हेच ते अंतर. या साध्या कसोटीस अर्धा दिवस लागतो व तेवढ्यासाठीच ती अनेकदा टाळली जाते.

संपीडन गुणोत्तर : घनफळ वाढले आणि शीर्षातील ज्वलनकोठी तेवढीच राहिली, तर संपीडन गुणोत्तर आपोआप वाढते. ६८ × ७५ मिमी. मापाच्या एका सिलिंडराचे धाव-घनफळ २७२.४ घ. सेंमी. असते. संपीडन गुणोत्तर साडेसात मानले तर ज्वलनकोठी ४१.९ घ. सेंमी.ची असली पाहिजे. व्यास ७२ मिमी. केल्यावर धाव-घनफळ ३०५.४ घ. सेंमी. होते व तीच कोठी राहिल्यास गुणोत्तर सु. ८.३ होते. पूर्वीचे गुणोत्तर राखावयाचे तर कोठी ४७ घ. सेंमी.ची, म्हणजे पाच घ. सेंमी.ने मोठी हवी. त्यासाठी दट्ट्याच्या माथ्यावर तेवढी खोलगट जागा असावी लागते. गुणोत्तरातील मर्यादित वाढ इंधनाच्या दृष्टीने लाभदायकच असते, पण इंधनाची ऑक्टेन संख्या कमी असेल तर मिश्रण ठिणगीनंतर अनियमितपणे भडकून एंजिन ठोके देऊ लागते. विदर्भात मे महिन्यात छायेतील तापमान ४५° से.च्या पलीकडे जाते. तेथे आत येणारी हवाच तप्त असल्यामुळे हिवाळ्यात न जाणवणारे ठोके उन्हाळ्यात ऐकू येतात. चढावर भरल्या गाडीने ते चालू राहिले, तर दट्ट्याचा माथा वितळून त्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

शीर्ष व ठोकळा यांमधील गॅस्केटाचे छिद्र नव्या व्यासापेक्षा किंचित मोठे असलेच पाहिजे. जुने गॅस्केट वापरल्यास त्याची कड सिलिंडरात डोकावते, तापून लाल होते व ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटविते. झडपांच्या बाबतीतही असाच विचार करावा लागतो. मोठ्या एंजिनाचे शीर्ष लहान व्यासाच्या ठोकळ्यावर बसविल्यास मोठ्या झडपा सिलिंडराच्या कडेवर आपटू शकतात.

व्यास वाढविण्याची मर्यादा भिंतीच्या जाडीने ठरते. दोन सिलिंडरांमधून पाणी खेळण्यासाठी असलेली वाट व तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती यांची मिळून जी जागा असते ती अक्षांतरातून व्यास वजा करून मिळते. व्यास जितका वाढेल तितकी ती कमी होते. ओतकामात सिलिंडराचा गाभा थोडा सरकलेला असण्याची शक्यता असते, म्हणून भिंत एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ आढळते. ठोकळ्याची भिंत स्वनातीत तरंगांनी मोजण्याची उपकरणे आता उपलब्ध आहेत. भिंत पातळ झाल्यास तापल्यावर सिलिंडर वर्तुळाकार राहत नाही, कड्या नीट टेकत नाहीत व तेल जळू लागते. हा दोष पहिल्या दिवशी दिसत नाही. एक-दोन उन्हाळे गेल्यावर दिसतो.

भार व वेग : दट्ट्याचा सरासरी वेग हा धाव व फेरे यांवर अवलंबून असतो. ७० मिमी. धावेला मिनिटास ६,००० फेऱ्यांवर तो सेकंदास १४ मी. असतो, ७७ मिमी.ला १५.४ मी. व ९० मिमी.ला १८ मी. होतो. फेरे तेवढेच असतील तर दट्ट्याला दर फेऱ्यात थांबविण्यास व उलट दिशेने हाकण्यास लागणारे बल धावेच्या प्रमाणात वाढते. हे बल संयोगदांडा व त्याचे बोल्ट यांवर येते. म्हणून लांब धावेचे एंजिन पूर्वीइतके फिरवू नये. वेगवेगळ्या एंजिनांतून गोळा केलेले दट्ट्ये व संयोगदांडे वजनाने काही ग्रॅमच्या आत समान असावेत. वरचेवर दुर्लक्षिला जाणारा आणखी एक भाग म्हणजे प्रचक्र व क्लच. वाढलेला पीळ शेवटी त्यांच्यामधूनच गिअरपेटीकडे जातो.

शक्ती घनफळाच्या प्रमाणात वाढते अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती पुरती खरी नाही. एंजिन ही प्रथमतः हवा ओढणारी यंत्रणा होय. शीर्षातील मार्ग, झडपा व कार्ब्युरेटर जुनेच राहिले तर मोठ्या सिलिंडरांना वरच्या फेऱ्यांवर पुरेशी हवा मिळत नाही. याउलट कमी फेऱ्यांवर पीळ निश्चित वाढतो व गाडी चढावर कमी वेळा गिअर बदलून जाते. माल व माणसे वाहणाऱ्यास हा फायदा कमाल वेगापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. डीझेल एंजिनात तर अधिक इंधन दिल्याशिवाय काहीच मिळत नाही. इंधनपंपाची मात्रा घनफळाच्या मानाने वाढवावी लागते, आणि ती अंदाजाने वाढविली की धूर सुरू होतो.

वर्धा जिल्ह्यातील संदर्भ : वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या ठिकाणी ट्रॅक्टर, जीपवर्गीय वाहने व लहान मालवाहू गाड्या पुष्कळदा एकाच कारागिराच्या हाताखालून जातात, आणि तेथेच भागांची सरमिसळ करण्याचा मोह होतो. याला एक ऐतिहासिक कारणही आहे. महिंद्र अँड महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या सहकार्याने १९६३ मध्ये ट्रॅक्टर कंपनी स्थापन केली. तिच्या बी-२७५ या ट्रॅक्टरात ८५.७ मिमी. (३ ३/८ इंच) व्यासाचे व १०१.६ मिमी. (४ इंच) धावेचे चार सिलिंडरांचे, सु. २,३५० घ. सेंमी.चे डीझेल एंजिन होते. इंटरनॅशनल हार्वेस्टरने याच कुलात व्यास ८८.९ मिमी. (साडेतीन इंच) करून दुसरे एंजिन काढले होते. महिंद्रच्या जीपवर्गीय वाहनांतील २,५२३ घ. सेंमी.च्या डीझेल एंजिनाची मापेही ८८.९ × १०१.६ मिमी. हीच आहेत. शेतातील ट्रॅक्टर व रस्त्यावरील जीप यांचे नाते असे एका धावेने जुळलेले आहे.

गोंधळ होतो तो येथेच. प्यूजो मालिकेतील २,४९८ घ. सेंमी.चे एंजिनही महिंद्रच्या काही वाहनांत होते. २,४९८ व २,५२३ या आकड्यांत केवळ २५ घ. सेंमी.चे अंतर आहे, आणि बोलताना दोन्हींना ‘अडीच लिटरचे’ म्हणतात. वाहनावरील बोधचिन्हही एकच असते. परंतु एकाची मापे ९४ × ९० मिमी., तर दुसऱ्याची ८८.९ × १०१.६ मिमी. आहेत. एकाची वंशावळ फ्रान्समधील मोटारीची, तर दुसऱ्याची ट्रॅक्टराची. या दोहोंमध्ये दट्ट्या, भुजादंड किंवा शीर्ष यांपैकी काहीही अदलाबदल करता येत नाही. उलट २,११२ व २,४९८ या आकड्यांत बरेच अंतर असूनही ती एंजिने एकाच मालिकेतील आहेत. भाग विकत घेताना ‘अडीच लिटर’ एवढेच सांगणे म्हणूनच पुरेसे नसते. एंजिनावर कोरलेला प्रकार-क्रमांक, जुन्या दट्ट्याचा मोजलेला व्यास व खिळीची जाडी या तीन गोष्टी दुकानदारासमोर ठेवाव्या लागतात. हंगामात ट्रॅक्टर आठवडाभर उभा राहिला, तर पेरणीची वेळ हातची जाते. चुकीच्या भागाचे मोल त्या भागाच्या किंमतीत मोजता येत नाही.

जिल्ह्यातील सेलू तालुक्यातील बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. अशा वनपर्यटनात वापरली जाणारी मारुतीची जिप्सी हे सुझुकी कुलाचे उदाहरण आहे. आरंभीच्या जिप्सीत ६५.५ × ७२ मिमी.चे ९७० घ. सेंमी.चे एंजिन होते. १९९६ पासून ‘जी’ मालिकेतील १,२९८ घ. सेंमी.चे एंजिन आले. ही दोन भिन्न मालिकांतील एंजिने असून पहिल्यातील भाग दुसऱ्यात चालत नाहीत. त्याच वाहनाचे पूर्वरूप व उत्तररूप म्हणून त्यांचे भाग एकमेकांत बसतील, हा तर्क चुकीचा ठरतो.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास वाहनात करता येत नाही. धाव-घनफळ हा नोंदणी प्रमाणपत्रातील एक तपशील आहे. ‘एमएच-३२’ ने आरंभ होणाऱ्या वर्ध्याच्या नोंदणीसही अर्थातच हे लागू आहे. वेगळ्या इंधनावर चालविण्यासाठी एंजिनात करावयाच्या बदलास कलमात स्वतंत्र तरतूद आहे. घनफळ वाढविणे तीत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी एंजिनाची तपासणी करू शकते, हेही मालकाने ध्यानात ठेवावयाचे असते. बंदिस्त मार्गावरील शर्यतींची वाहने सार्वजनिक रस्त्यावर आणली जात नाहीत. त्यांच्यासाठी घनफळानुसार गट पाडलेले असतात व भागांच्या संयोगाचे नियम त्या त्या गटाच्या नियमावलीत दिलेले असतात.

कार्ब्युरेटर व यांत्रिक इंधनपंप यांच्या काळात घनफळाचा बदल जेट, पंप व ठिणगीची वेळ जुळवून निभावता येत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या वाहनांत इंधनाची मात्रा विद्युतीय नियंत्रकात साठविलेल्या तक्त्यांवरून ठरते आणि ते तक्ते मूळ घनफळ गृहीत धरून केलेले असतात. घनफळ बदलल्यावर नियंत्रकाचा हवेचा हिशेब चुकतो, उत्सर्ग मर्यादेबाहेर जातो व इशाऱ्याचा दिवा लागतो. त्यामुळे ही क्रिया आज शर्यतीची वाहने, परदेशातील जुन्या मोटारींचे हौशी संग्राहक आणि ज्यांचे मूळ भाग मिळेनासे झाले आहेत अशी जुनी एंजिने यांच्यापुरती मर्यादित होत आहे.